बिनलसणाची रक्ती

आत्याबाई, तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे आणि मला अजिबात धीर निघत नाही. सकाळपासून दोनदा चहात साखर घालायची विसरले. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला उजवी बाही डावीकडे आणि डावी उजवीकडे जोडून ठेवली. शेवटी शिलाई मशीन बंद केली, पोरीच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढली आणि ओट्यापाशी स्टूल ओढून बसले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आगं बोल की आता, का मूग गिळून बसलीस?" तर बोलते. माझं मन जडलंय. या वयात, सावेडीतल्या दुसऱ्या मजल्यावर, चष्म्याचा नंबर वाढलेला असताना. आणि ज्याच्यावर जडलंय तो, आता कसं सांगू, पुरता माणूस नाही. तुमची नात, माझी पोर, त्याला व्हॅम्पायर म्हणते. तुमच्या भाषेत काय म्हणावं याचा मी बराच विचार केला. खवीस म्हणायला जीभ रेटत नाही, आणि मुंजा तर तो नाहीच, कारण त्याचं लग्न झालेलं होतं.

घाबरू नका. पदर तोंडात धरून देवघराकडे पळू नका. सगळं सुरुवातीपासून सांगते.

तुमचं ते गर्द जांभळं इरकली लुगडं आठवतं ना? मी नेवाशाहून नगरला राहायला आले, तेव्हा एसटी स्टँडवर तुम्ही ते पिशवीतून काढून सुनेच्या मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, "ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. माझ्या माघारी कुनी पायपुसनं करील त्याचं." मी ते कधी नेसले नाही. कपाटात वरच्या फळीवर ठेवलं, दर दिवाळीला उन्हात घातलं, परत ठेवलं. मागच्या थंडीत काढलं तर पदराजवळ कसरीनं बोट जाईल एवढी भोकं पाडलेली. मी तिथंच फरशीवर बसून रडले. तुम्ही गेलात तेव्हा इतकी रडले नव्हते, कारण तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि मला भाकऱ्या थापायच्या होत्या. शेजारणीनं सांगितलं, कापडबाजाराच्या मागच्या बोळात एक रफूगार आहे, गेलेलं कापड परत आणतो, पण दुकान दिवस मावळल्यावर उघडतो. मला वाटलं, असेल एखादा आळशी.

बोळ एवढा अरुंद की रिक्षा बाहेरच सोडावी लागते. आत एक पिवळा दिवा, खाली चटई, आणि चटईवर तो. तिशी-पस्तिशीचा दिसतो. काळाभोर दाट केस, लांब बोटं, आणि चेहरा असा की आजारी म्हणावा तर तेज आहे, तेज म्हणावं तर रंग नाही. त्यानं लुगडं हातात घेतलं, तळहातावर पसरलं आणि काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बाई, या कापडाला मी ओळखतो." मला वाटलं, धंद्याचं बोलणं आहे. साडीवाले नाही का म्हणत, हा रंग तुमच्यासाठीच आलाय. मी विचारलं, किती दिवस लागतील? तो म्हणाला, "घाई नसेल तर सावकाश करीन." आत्याबाई, नगरमधला भाजीवाला मला ताई म्हणतो, गॅसवाला मावशी म्हणतो, बँकेतल्या पोरानं तर परवा आजी म्हटलं. या माणसानं पहिल्या दिवसापासून एकदाही ताई म्हटलं नाही. तिथंच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सावकाश म्हणजे किती सावकाश असावं! मी आठवड्याला चक्कर मारायची, तो एक भोक बुजवून दाखवायचा. त्यानं कुठं सुई घातली ते मला, इतकी वर्षं शिवणकाम करणारीला, भिंग लावूनही दिसायचं नाही. मग मी इतर कपडे न्यायला लागले. पोरीची जीन्स नेली, जिला मुद्दामच भोकं असतात. त्यानं ती भोकंही बुजवली आणि पोरीनं पुण्याहून फोन करून माझ्या नावानं शंख केला. मी इतकी हसले की कढी उतू गेलेली कळली नाही. असं हसून किती वर्षं झाली होती कोण जाणे. घरात हसायला माणूस नव्हतं असं नाही, मीच विसरले होते.

शेवटी लुगडं पुरं झालं, तेव्हा तो ते पोचवायला स्वतः आला. दिवेलागणीची वेळ, मी नुकताच दिवा लावलेला. दार उघडलं तर हा उंबऱ्याबाहेर उभा, दोन्ही हातांवर घडी घातलेलं लुगडं. मी काही 'आत या' म्हटलं नाही. तुम्हाला माहीत आहे आपल्याकडचं, एकटी बाई, समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं. त्यानंही पाऊल पुढं टाकलं नाही. मला वाटलं, काय मर्यादेचा माणूस आहे! पुढं कळलं की बोलावल्याशिवाय त्याला कुणाच्या घरात पाऊल टाकताच येत नाही. तर त्या दिवशी दाराशेजारच्या आरशाकडे माझं सहज लक्ष गेलं. आरशात मी होते. तुमचं लुगडं होतं, हवेत अधांतरी. तो नव्हता. ओरडायला हवं होतं, पण खरं सांगते, मी आधी पाहिलं ते वेगळंच. आरशात मी एकटीच होते आणि गालातल्या गालात हसत होते. लग्नाच्या फोटोत सुद्धा मी इतकी चांगली दिसले नव्हते.

"आता कळलंच असेल," तो म्हणाला. मी मान हलवली. त्यानं जिन्यातल्या पायरीवर बसून सगळं सांगितलं, आणि मी उंबऱ्याच्या आत पाट घेऊन बसून ऐकलं. साळ्याच्या घरचा मुलगा, मागावर बसणारा. इंग्रजांनी नगरच्या किल्ल्याला तोफा लावल्या त्या दिवसांत कुणा परमुलखातल्या घोडेव्यापाऱ्यानं त्याला अंधारात धरलं आणि मानेला दात लावले. तेव्हापासून वय थांबलं. हे तो असं सांगतो, जसे आपण दुष्काळाचे दिवस सांगतो. ऊन त्याला सोसत नाही, अंगाला मिरची चोळल्यासारखी आग होते, पण आभाळ भरलेलं असलं की छत्री घेऊन फिरता येतं. मी विचारलं, माणसाचं रक्त प्यायलात का कधी? खोटं बोलला असता तर मी दार लावून घेतलं असतं. तो म्हणाला, "सुरुवातीला. त्याची आठवण झाली की झोप लागत नाही. तशीही लागत नाही म्हणा." आता खाटकाकडून बकऱ्याचं आणतो. आणि त्याची बायको? ती म्हातारी होऊन त्याच्या मांडीवर गेली. लोक त्याला आधी तिचा मुलगा समजायचे, नंतर नातू. हे सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की मला पाटावरून पुढं सरकावं लागलं.

बकऱ्याचं म्हणाला आणि माझ्या डोक्यात तुमची चूल पेटली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. पातेल्यात बकऱ्याची रक्ती गोठलेली, तुम्ही ती उकळत्या पाण्यात सोडताय, तिच्या वड्या पाडताय, आणि मी, नवी सून, नाकाला पदर लावून उभी. तुम्ही माझा पदर खाली ओढता आणि म्हणता, "वास घे. वास घेतल्याबिगर हाताला चव येत न्हाई." मग कांदा, खोबरं, आणि लसूण असा मूठभर की चुलीपुढं डोळे चुरचुरतात. ती रक्ती मला पुढं इतकी जमली की तुमच्या मुलानं एकदा माझी तुमच्यापेक्षा चांगली झाली म्हटलं आणि तुम्ही दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाहीत. मी त्याच आठवड्यात मटणाच्या दुकानातून रक्ती आणली आणि या गृहस्थासाठी केली. लसूण न घालता. हो, लसूण त्याला चालत नाही, ते सिनेमातलं खरं निघालं. बिनलसणाची रक्ती, आत्याबाई! तुम्ही असतात तर पातेलं उकिरड्यावर ओतलं असतंत. त्यानं पायरीवर बसून पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. म्हणाला, "कच्चं पिऊन पिऊन जीभच मेली होती." दुसऱ्यांदा वाढली, तिसऱ्यांदा वाढली. जेवणाऱ्या पुरुषाकडे बघत बसायचं सुख मी विसरून गेले होते. तुमचा मुलगा गेल्यापासून माझ्या हातचं असं कुणी खाल्लं नव्हतं.

तुमच्या मुलाला मी विसरलेले नाही. हे इथं लिहून ठेवते, कारण लोक म्हणतील विसरली. त्यांच्या मोटारसायकलची फटफट अजून कानात आहे. कारखान्याच्या रस्त्यावरून ती फटफट एका संध्याकाळी आलीच नाही, आणि पोर तेव्हा नुकती चालायला लागली होती. मग दहावा. प्रवरेचा काठ, आभाळ गच्च भरलेलं, पिंड मांडलेले, आणि समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले. एकही खाली येईना. भटजींनी पाणी सोडलं, दीर पुढं झाले, म्हणाले, "तुझ्या वाटनीचं रान मी करीन, काळजी करू नगं." कावळा हलला नाही. कुणी म्हणालं पोरीचं शिक्षण करू, कुणी त्यांच्या आवडीची भजी आणून ठेवली. कावळे मान वाकडी करून बघतात आणि बसून राहतात. बायका मागं उभ्या होत्या, आणि त्या बायकांतून तुम्ही सरळ पुढं गेलात. हेच जांभळं लुगडं होतं. गुडघे टेकून पिंडाशी वाकलात, ओठ हलले, आणि तुम्ही उठायच्या आत कावळा खाली उतरला.

चुलत सासरे विचारत होते, "काय बोललीस गं?" तुम्ही पदर झटकलात. "आमचं मायलेकराचं हाय. मेल्याला दिलेला शब्द बोलून दावत न्हाईत." बस, एवढंच. परत येताना ट्रॅक्टरमध्येच सगळ्यांचं ठरून गेलं की म्हातारीनं सुनेचा शब्द दिला, सून दुसरं घर करणार नाही. दुसरं काय असणार? दिरांनी ते गावभर सांगितलं. पुढं माझ्या माहेराहून एक स्थळ आलं तर त्यांनी ते ओसरीवरूनच परत पाठवलं, "वैनींचा शब्द कावळ्यानं घेतलाय" म्हणून. तुम्ही आत ज्वारी निवडत होतात. हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. मी सगळी वर्षं त्या शब्दात राहिले. रागानं नाही. मला वाटायचं, ज्या शब्दावर त्यांचा जीव सुटला, तो मी मोडला तर ते परत कुठं अडकतील. तुम्ही गेल्यावर तर तो आणखी पक्का झाला, कारण आता सोडवणार कोण?

आता आठवतं की तुम्ही काही काही बोलायचात. मी हातातल्या काचेच्या बांगड्या काढून ठेवल्या तेव्हा तुम्ही माझ्यावर केवढ्या ओरडलात. "हात का भुंडं केलंस? तू काय म्हातारी झालीस व्हय?" मला शिवणक्लासला नगरला धाडायचं तुम्हीच काढलंत, दिरांशी भांडून. आणि एकदा, भाकरी उलटताना, माझ्याकडे न बघता म्हणालात, "माजा मालक गेला तवा मी तुज्याहून ल्हान हुते. मला कुनी इचारलंच न्हाई. इचारलं आसतं तर काय म्हनले आसते ठाव न्हाई. पन इचारायला पायजे हुतं." मी तेव्हा पोरीचं नाक पुसत होते. ऐकलं आणि सोडून दिलं.

तर परवा त्यानं मला विचारलं. पायरीवर, रक्तीचं ताट बाजूला ठेवून, हात धुऊन. "माझ्याबरोबर राहाल का?" एवढंच. मी म्हटलं, तुम्ही म्हातारे होणार नाही, मी होईन. तो म्हणाला, "मला सवय आहे." मग म्हणाला, "सवय नाही. पण येईल ते घेईन." आत्याबाई, तुम्ही समजून घ्याल, तुम्ही आणि मीच समजू शकतो. हा माणूस मोटारसायकलवरून गेला तरी परत येणार आहे. मला आता कुणाची फटफट ऐकत उंबऱ्यात उभं राहायचं नाही. या वेळी मागं राहायची पाळी त्याची आहे, आणि ती माहीत असून तो विचारतो आहे. माझं काळीज असं उडत होतं की मी दाराची चौकट धरली. आणि चौकट धरूनच त्याला म्हटलं, माझा शब्द दिलेला आहे, मला येता येणार नाही. घाट, पिंड, कावळा, तुम्ही, सगळं सांगितलं.

त्यानं आत दोरीवर घातलेल्या तुमच्या लुगड्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "मी तुम्हाला पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, या कापडाला मी ओळखतो. माणसं विसरतो मी, कापड विसरत नाही. त्या दिवशी मी तिथं होतो." ढगाळ दिवशी छत्री घेऊन तो नदीच्या घाटांवर जाऊन बसतो. त्याचा स्वतःचा कावळा कधीच शिवायचा नाही, म्हणून दुसऱ्यांचे बघतो. म्हणतो, जिवंत माणूस सगळ्यात खरं तिथं बोलतो. आणि त्याचे कान असे की पलीकडच्या काठावरची कुजबुज ऐकू येते. तुमची आली. त्यानं ती मला तुमच्याच बोलीत सांगितली. "लेकरा, तिला मी बांदून ठिवनार न्हाई. तिच्या मनात यील तवा तिला हसत वाटंला लावीन. माज्यावानी न्हाई करनार तिचं. जा आता तू." आणि लेकरा म्हणायच्या आधी तुम्ही त्यांना ज्या लाडाच्या नावानं हाक मारलीत, ते नाव तो बोलला. ते नाव आपल्या तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. दिरांनासुद्धा नाही. मी दाराला पाठ टेकून खाली बसले आणि रडता रडता हसायला लागले. समोरच्या फ्लॅटचं दार पूर्ण उघडलं, उघडू दे म्हटलं.

तर असं आहे सगळं. पोर उद्या पुण्याहून येते आहे. फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाली, "आई, दिसायला तरी बरा आहे का?" मी म्हटलं, लई! ती किंचाळली, मी पण किंचाळले. जीन्सचा राग गेलेला दिसतो. दिरांना काय सांगायचं ते तीच ठरवणार आहे, वकिली शिकते ना. आणि तुम्हाला ज्याची धास्ती पडली असेल तेही सांगते. मानेला दात लावू का, असं त्यानं कधी विचारलं नाही. मीच विचारलं, लावायचे का? आणि त्यानं उत्तर द्यायच्या आत मीच नको म्हटलं. माझा कावळा शिवायला हवा, आत्याबाई. मला तुमच्याकडं यायचं आहे, तुमच्या मुलाकडं यायचं आहे. तोवर मात्र मी इथं, या ओट्यापाशी, बिनलसणाची रक्ती करणार आहे. माझ्या दहाव्याला आभाळ भरलेलं असू दे एवढंच मागते, म्हणजे तो छत्री घेऊन पिंडाशी येईल.

हे लुगडं उद्या नेसणार आहे. नेवाशाला जाऊन हे कागद नदीत सोडावेत असं सकाळी मनात होतं. आता वाचून पाहिलं आणि सोडवत नाहीत, कारण एका ठिकाणी मी तुम्हाला उलटं सांगितलंय. तुमचा शब्द त्यानं लगेच सांगितला नव्हता. त्यानं एवढंच म्हटलं होतं, "म्हातारी काय बोलली ते मी ऐकलंय, पण आधी तुम्ही ठरवा, मग सांगतो. नाहीतर तुम्ही परत दुसऱ्याच्याच शब्दावर चालाल." मी कितीतरी वेळ चौकट धरून उभी होते. आत्याबाई, तुम्ही घाटावर माझ्या नावानं काय बांधून ठेवलंय ते मला पक्कं ठाऊक आहे अशीच माझी समजूत होती. तरी मी बाजूला सरले आणि म्हटलं, "या, आत या."